मैत्रिणीने वेबसाइट करून दिली, पैसे किती द्यायचे?



गेल्या पाठानंतर टिळकवाडीतल्या एका ताईंचा निरोप आला. त्या घरी मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीला कडबोळी असं करून विकतात. ऑर्डरी आता फोनवर मावेनात, म्हणून त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीने त्यांना वेबसाइट करून द्यायचं ठरवलं आहे. दोघी एका बाकावरच्या. ताई लिहितात, "ती म्हणते, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे? मी म्हणते, असं कसं? मग ती म्हणते, दे तुला वाटेल ते. आता मला वाटेल ते म्हणजे किती, हे तुम्हीच सांगा."

प्रश्न छोटा वाटेल. पण "तुला वाटेल ते" या तीन शब्दांपायी किती मैत्र्या थंड पडल्या, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. भांडण होत नाही. फोन कमी होतात, एवढंच. म्हणून आज हाच विषय अभ्यासाला घेतला आहे.

उत्तराआधी आमचीच एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगायला जरा जड जातं आहे.

सहा वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची वेबसाइट गटातल्याच एका तरुणाने करून दिली. जुने पाठ, कार्यक्रमांचं वेळापत्रक, वार्षिक मेळाव्याला बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या राहण्याची नोंदणी, सगळं त्यात होतं. नोकरीवरून आल्यावर रात्री बसून दोन महिने त्याने ते काम केलं. आम्ही त्याला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या मनात हिशेब पुरा झाला. पुढे तीन वर्षं "अरे, जरा तेवढी तारीख बदल की", "हा फोटो वर घे, तो खाली घाल" हे चालूच राहिलं. वेबसाइटच्या पत्त्याचे, म्हणजे डोमेनचे, पैसे दरवर्षी भरावे लागतात हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. दुकानाची पाटी एकदा रंगवली की झालं, तसंच हे असणार असं आम्ही धरून चाललो होतो. तो स्वतःच्या कार्डावरून भरत होता.

चौथ्या वर्षी त्याचे वडील आजारी पडले. बेळगाव-हुबळी अशा त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुदत संपत आल्याच्या ईमेल त्याच्याच खात्यावर येत होत्या, त्या बघायला त्याला सवड नव्हती. मेळाव्याला आठ दिवस राहिले असताना नोंदणीचं पान नाहीसं झालं. आणि गटावर निरोप पडू लागले: "जबाबदारी घ्यायची तर नीट घ्यावी." खरं म्हणजे जबाबदारी त्याने घेतलीच नव्हती. आम्ही ती त्याच्या अंगावर ठेवून मोकळे झालो होतो. दोन दिवसांत त्याने दंड भरून सगळं पूर्ववत केलं आणि तिसऱ्या दिवशी गटातून बाहेर पडला. कोणाला एक शब्द बोलला नाही.

तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी म्हटलं होतं, "त्याने सेवा म्हणूनच केलं होतं ना?" हे वाक्य आम्ही पुष्कळ दिवस मनात घोळवलं. त्याने खरंच तसं म्हटलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न केला. नव्हतं म्हटलं. आम्हीच म्हटलं होतं.

आजच्या पाठाची किल्ली इथे आहे. सेवा हा शब्द देणाऱ्याच्या तोंडचा आहे. "मी हे सेवा म्हणून करतो" असं करणारा म्हणाला तर ते त्याचं मोठेपण. तेच घेणारा म्हणाला तर त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: वेठ. "घरचंच काम", "आपलाच पोरगा", "मैत्रिणीत कसला आलाय हिशेब" ही सगळी त्याच घरातली वाक्यं. देणाऱ्याने म्हटली तर गोड, घेणाऱ्याने म्हटली तर तपासून बघावीत.

कोणी म्हणेल, पूर्वी गावात प्रत्येक कामाचे पैसे कुठे मोजत होते? बरोबर आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' हे १९१५ सालचं पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना बलुत्याची पद्धत माहीत आहे. सुताराने वर्षभर नांगर, पाभर दुरुस्त करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा घ्यायचा. पण त्यातली एक गोष्ट आपण विसरतो: माप ठरलेलं होतं. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि कोणाला किती जायचं याची रीत गावाला ठाऊक होती. "तुला वाटेल ते" हा तिथला कायदा नव्हता. आणि दुसरी, कडू गोष्ट: जातीने बांधलेल्या त्या बलुतेदाराला "नाही" म्हणण्याची सोय नव्हती. मैत्रीत जात नाही, सक्ती नाही, तरी "नाही" म्हणणं अवघडच असतं. मैत्रीण नाही म्हणू शकत नाही, म्हणूनच आकडा काढण्याचं काम तिच्यावर टाकू नये. ते आपण करायचं.

आता ताईंच्या हिशेबाकडे.

आम्ही त्यांना पहिली गोष्ट सांगितली: मैत्रिणीला रक्कम विचारू नका, तास विचारा. "किती घेशील?" म्हटलं की ती लाजते. "किती वेळ लागेल गं?" म्हटलं की ती मोकळेपणाने सांगते, कारण ते तिच्या कामाबद्दल बोलणं आहे. ताईंनी चहाला बोलावून विचारलं, आणि उत्तर ऐकून त्या गप्पच झाल्या. त्यांना वाटलं होतं दोन रविवार.

मैत्रिणीने सांगितलं ते असं. काय हवं, काय नको हे बोलून ठरवायला ५ तास. फोटो निवडून नीट करायला ६. (ताईंनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. तिथे फोटो दाबून लहान होतात, डॉक्युमेंट म्हणून परत पाठवावे लागतात. यातही वेळ जातोच.) पानं मांडायला आणि मोबाइलवर नीट दिसतील अशी करायला १६. मराठी, कन्नड आणि इंग्रजी मजकुराला ९. हा आकडा ताईंना पटेना. "मजकूर तर मी दिलाय, छापील पत्रक आहे माझं!" पण पत्रक प्रेसवाल्याने श्री-लिपीत केलेलं, कन्नड बाजू नुडीत. तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला तर अक्षरांच्या जागी भलतीसलती चिन्हं उमटतात. तो युनिकोडमध्ये आणायचा, मग जोडाक्षरं आणि काना-मात्रा डोळ्यांत तेल घालून तपासायच्या. बेळगावात तीन भाषांत दुकान चालवायचं तर हे काम तीनदा आहे. पुढे पैसे भरण्याची सोय जोडून तपासायला ६ तास. ती देणाऱ्या कंपन्या आधी वेबसाइटवर अटी, माल परत घेण्याचे नियम, संपर्काचा पत्ता ही पानं आहेत का ते बघतात. शिवाय खाण्याचे पदार्थ म्हणून एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही घालायचा. ही पानं गिऱ्हाईक उघडूनही बघत नाही, पण कोणीतरी बसून ती लिहिलेली असतात. शेवटी, नवा पदार्थ कसा चढवायचा, संपलेला कसा उतरवायचा हे ताईंना शिकवायला ३ तास.

एकूण ४५.

मग दर. इथे लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे कुठेतरी बघितलेली "३,९९९ रुपयांत वेबसाइट" ही जाहिरात. तिथे तयार साचा मिळतो, मजकूर, फोटो, कन्नड सगळं आपलं आपण भरायचं. दुसरं टोक म्हणजे मोठ्या कंपनीचं कोटेशन, ज्यात त्यांच्या ऑफिसचं भाडं आणि फिरत्या माणसांचे पगारही असतात. दोन्ही आकडे मैत्रिणीला लावणं चूक. तिला एवढंच विचारावं, "परक्या गिऱ्हाइकाकडून तू तासाला काय घेतेस?" ताईंची मैत्रीण ४०० घेते. ४५ तासांचे १८,००० झाले.

मित्र नोकरी करणारा असेल आणि त्याचा असा दर नसेल, तर त्याचा पगार महिन्याच्या तासांनी भागून पाहावा. रोज ८ तास आणि २६ दिवस धरले तर २०८ तास होतात. जो आकडा येईल तो कमीत कमी समजावा, कारण तुमचं काम तो रात्री आणि रविवारी करणार आहे. जो याच कामावर पोट भरतो त्याचा दर पगाराच्या तासापेक्षा जास्त असतो, आणि असावा. लॅपटॉप त्याचा, वीज त्याची, काम नसलेले दिवसही त्याचेच.

पाहुण्यांतला कॉलेजात शिकणारा मुलगा पहिलीच वेबसाइट करत असेल तर? आमचं मत असं की शिकण्यात गेलेले तास त्याचे, कामात गेलेले तास तुमचे. दर निम्मा धरा हवं तर, पण फुकट नको. "तुलाच शिकायला मिळतंय" हे वाक्य खरं असलं तरी तुमच्या तोंडून नको.

आता सवलत. ताईंनी १८,००० चा कागद मैत्रिणीपुढे ठेवला तेव्हा ती म्हणाली, "अगं, एवढे कशाला? फोटो निवडताना मला मजाच येते, ते धरू नको. आणि त्या पाच तासांत निम्मा वेळ आपण शाळेच्या बाईंबद्दल बोललो." फोटोंचे २,४०० गेले, बोलण्याचे २,००० गेले. राहिले १३,६००. ही सवलत चांगली, कारण ती मैत्रिणीने दिली, कारणासह दिली आणि काय सोडते आहे ते बघून दिली. ताईंनी "कमी कर की गं" म्हटलं असतं तर तोच आकडा आला असता, पण त्याची चव वेगळी असती.

बिलावर मात्र तिन्ही आकडे लिहायला लावले आम्ही: काम १८,०००, सवलत ४,४००, देय १३,६००. हे का? उद्या ताईंच्या जावेने विचारलं की "किती पडले?", तर ताई "तेरा हजार" म्हणतील, आणि जाऊबाई तेरा हजार घेऊन मैत्रिणीच्या दारात उभ्या राहतील. ओळखीतलं काम ओळखीतल्यांपर्यंत जाताना दरच तेवढा पुढे जातो, सवलत होती हे मागे राहतं. एका मैत्रिणीवरचा लोभ तिला दहा गिऱ्हाइकांत महागात पडतो.

पैसे तीन हप्त्यांत ठरले. सुरुवातीला ४,५००, पहिलं रूप दिसल्यावर ४,५००, सगळं हातात आल्यावर ४,६००. सुरुवातीचा हप्ता ताईंना आधी नको वाटत होता. "पळून जाणार आहे का ती?" मुद्दा पळण्याचा नाही. पहिला हप्ता गेला की हे काम तिच्या वहीत इतर कामांच्या रांगेत येतं, आणि ताईंनाही "कधी होतंय गं?" विचारायला संकोच वाटत नाही. फुकट कामात दोघींची तोंडं बांधली जातात. पैसे खात्यावर पाठवावेत. "रोख घे, दाखवू नकोस" असं सांगून मैत्रिणीला अडचणीत टाकू नये. मंडळ किंवा ट्रस्ट पैसे देणार असेल तर टीडीएसचं आपल्या सीएला आधी विचारून घ्यावं.

यात डोमेन आणि होस्टिंग धरलेलं नाही. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या जागेचं भाडं. हे पैसे मैत्रिणीच्या खिशातून क्षणभरही जाता कामा नयेत. ते ताईंनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने भरायचे, मैत्रीण शेजारी बसून दाखवेल. मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहायची. आमच्यासारखं नको.

आणि देखभाल. वेबसाइट हे लग्नासारखं एकदाचं कार्य नाही, ती रोज पाणी मागणारी तुळस आहे. महिन्याला २ तास धरून ८०० रुपये ठरले. त्यापलीकडचं काम वेगळं. "जरा तेवढं" या शब्दांना जागा अशी करून ठेवली की मग ते टोचत नाहीत.

पैशांऐवजी वस्तू चालेल का, असं एकीने विचारलं. चालेल, दोघींना ती खरोखर हवी असेल आणि दोन्ही बाजू विकत्या भावाने मोजल्या तर. १३,६०० रुपयांचं मेतकूट एका घरात कोण खाणार, हा प्रश्न उरतोच. साडी, ओटी, दिवाळीचा डबा हे सगळं जरूर द्यावं, पण हिशेब फिटला असं मनात धरून नव्हे. विक्रीतला वाटा देण्याची कल्पना आम्हाला फारशी पटत नाही. वाटा म्हटला की मैत्रिणीला दर महिन्याला तुमची वही बघावी लागते, आणि वही बघणारी मैत्रीण दोघींनाही नकोशी होते.

ती घेतच नसेल तर? आकडा हातात धरून एकदा विचारा. "काहीतरी घे गं" असं नव्हे, "हे १८,००० होतात, घेशील ना?" असं. तरीही ती नाही म्हणाली तर तिचा मान ठेवा, पुन्हा पुन्हा हट्ट करून तिच्या देण्याला लहान करू नका. फक्त भेट कुठे संपते ते ठरवून घ्या: वेबसाइट तुझी भेट, देखभालीचे मात्र दर महिन्याला देणार.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही अभ्यासाला घेऊ. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७० वं कलम सांगतं की एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यायला हवा. आधी ठरलं नव्हतं, एवढ्याने सुटका होत नाही. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात आणखी एक सोय आहे. कोणी आपल्यासाठी स्वेच्छेने काही केलेलं असेल आणि आपण मागाहून त्याची भरपाई देण्याचं वचन दिलं, तर ते वचनही बंधनकारक ठरतं. म्हणजे उशीर झाला तरी दार बंद झालेलं नसतं. मैत्रीत कोर्टात कोण जातं? कोणी जाऊ नये. पण दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही ही गोष्ट मांडून ठेवावीशी वाटली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुसरा कायदा १९५७ चा, कॉपीराइटचा. नोकर नसलेल्या माणसाने वेबसाइटचा कोड लिहिला तर तो सहसा लिहिणाऱ्याच्याच मालकीचा राहतो, पैसे दिले म्हणून आपोआप आपला होत नाही. तो आपल्या नावावर करायचा तर लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून ताईंच्या बिलाखाली चार ओळी घातल्या: शेवटचा हप्ता मिळाल्यावर मजकूर, मांडणी आणि कोड यांचे हक्क ताईंकडे, कायमचे, मैत्रिणीला हे काम आपला नमुना म्हणून इतरांना दाखवता येईल. दोघींच्या सह्या. सही करताना मैत्रीण म्हणाली म्हणे, "दहावीच्या हॉलतिकिटानंतर आज पहिल्यांदा शेजारी सह्या करतोय."

हे सगळं ताईंना शिकवताना आमचीच मान खाली जात होती. त्यांना सांगायचं आणि आपण गप्प बसायचं, हे बरं दिसेना. म्हणून परवा रविवारी आम्ही तिघं त्या मुलाच्या घरी गेलो. जाताना हिशेब कागदावर मांडून नेला होता. आमच्या अंदाजाने कामाचे ८० तास, ३२,००० रुपये. वर चार वर्षांचं डोमेन आणि होस्टिंग, दंडासकट, पावती बघून भरण्यासाठी जागा रिकामी ठेवली होती. वडील आता बरे आहेत, दारातच बसले होते. त्याच्या आईने पोहे केले. तो पहिल्यांदा म्हणाला, "असू दे की वो काका, कशाला आता ते." कागद पुढे सरकवला तसा मात्र वाचायला लागला.

"नोंदणीचं पान धरलं नाही तुम्ही," तो म्हणाला. "त्यालाच वीस तास गेलेत."

आम्ही म्हटलं, लिही.

त्याने पेन मागून घेतलं, ८० खोडून १०० केले. मग खाली बोट ठेवून म्हणाला, "आणि हे चार नाही काका. सहा."

आम्हाला कळेना. तो गटातून गेला त्याला दोन वर्षं झाली. वेबसाइट चालू होती, आम्ही समजत होतो कोणीतरी भरत असेल. त्याने मोबाइल काढून दोन्ही वर्षांच्या पावत्या दाखवल्या. मेळाव्याच्या महिन्याआधीच्या तारखा होत्या.

"आता मंडळाच्या नावावर करून घ्या," तो म्हणाला. "खातं उघडा तुमचं. ओटीपी येईल, सांगा मला."